बार्टन हॉलची ध्वनिफीत : 'ग्रेटफुल डेड'च्या १९७७ मधील मैफलीच्या ध्वनिमुद्रणाचा ऐतिहासिक साधन म्हणून अभ्यास

प्रस्तावना :

इतिहास हा साधनांवर उभा असतो. मराठी इतिहासलेखनाच्या परंपरेत वि. का. राजवाडे, वासुदेवशास्त्री खरे आदी संशोधकांनी अस्सल कागदपत्रांचे महत्त्व प्रतिपादन केले आणि बखरींकडे चिकित्सक दृष्टीने पाहण्याची शिस्त अभ्यासकांना लावली. ही साधनपरंपरा प्रामुख्याने कागदावर उभी आहे. विसाव्या शतकात मात्र मानवी व्यवहाराची नोंद करणारे एक नवे माध्यम, ध्वनिमुद्रण, अस्तित्वात आले. भाषण, मुलाखत, लोकगीत यांच्या ध्वनिमुद्रणास साधन म्हणून हळूहळू मान्यता मिळाली. परंतु लोकप्रिय संगीताच्या एखाद्या मैफलीचे ध्वनिमुद्रण हे केवळ करमणुकीची वस्तू मानण्याकडेच कल राहिला.

प्रस्तुत शोधनिबंधात अशाच एका ध्वनिमुद्रणाचा विचार करण्यात आला आहे. 'ग्रेटफुल डेड' या अमेरिकन सायकेडेलिक रॉक बँडने ८ मे १९७७ रोजी न्यूयॉर्क राज्यातील इथाका येथे कॉर्नेल विद्यापीठाच्या बार्टन हॉलमध्ये सादर केलेली ही मैफल होय. अमेरिकेच्या राष्ट्रीय ग्रंथालयाने, म्हणजेच लायब्ररी ऑफ काँग्रेसने, २०११ च्या राष्ट्रीय ध्वनिमुद्रण नोंदवहीत या ध्वनिमुद्रणाचा समावेश केला. त्या वेळी या मैफलीची एकही अधिकृत ध्वनिमुद्रिका बाजारात उपलब्ध नव्हती. जे ध्वनिमुद्रण कोणत्याही कंपनीने प्रकाशित केले नव्हते, ज्याच्या मूळ फिती खुद्द बँडच्या ताब्यात नव्हत्या, त्याला राष्ट्रीय वारशाचा दर्जा कसा प्राप्त झाला, हा या निबंधाचा मध्यवर्ती प्रश्न आहे.

उद्दिष्टे :

१) 'ग्रेटफुल डेड'च्या ध्वनिमुद्रण परंपरेची ऐतिहासिक पार्श्वभूमी समजून घेणे.
२) बार्टन हॉलच्या मैफलीच्या ध्वनिमुद्रणातून व्यक्त होणाऱ्या सांस्कृतिक आशयाचा शोध घेणे.
३) मूळ ध्वनिफितींच्या प्रवासाचा मागोवा घेणे.
४) साधनचिकित्सेच्या निकषांवर या ध्वनिमुद्रणाचे मूल्यमापन करणे.

अभ्यासपद्धती :

प्रस्तुत अभ्यासासाठी ऐतिहासिक व विश्लेषणात्मक पद्धतीचा अवलंब करण्यात आला आहे. प्रत्यक्ष ध्वनिमुद्रण हे प्राथमिक साधन मानले असून बँडचा प्रकाशित इतिहास व मैफलींच्या सूची यांचा दुय्यम साधने म्हणून विचार केला आहे.

१. पार्श्वभूमी : सायकेडेलिक चळवळ आणि 'ग्रेटफुल डेड'

१९६५ मध्ये कॅलिफोर्नियातील पालो आल्टो परिसरात काही तरुण वादक एकत्र आले. प्रारंभी 'द वॉरलॉक्स' हे नाव धारण करणारा हा बँड त्याच वर्षी 'ग्रेटफुल डेड' या नावाने ओळखला जाऊ लागला. जेरी गार्सिया, बॉब वेअर, फिल लेश, बिल क्रॉइट्झमन आणि 'पिगपेन' या नावाने प्रसिद्ध असलेले रॉन मॅकर्नन हे त्याचे मूळ सदस्य होत. कादंबरीकार केन केसी यांनी १९६५-६६ मध्ये भरवलेल्या 'अ‍ॅसिड टेस्ट' नामक मेळाव्यांत हा बँड वादन करीत असे. एलएसडी या मादक द्रव्यावर ६ ऑक्टोबर १९६६ पासून कॅलिफोर्नियात कायद्याने बंदी आली. तोवर त्याचे सेवन हा या मेळाव्यांचा उघड भाग होता.

सायकेडेलिक रॉक या प्रकाराचा उगम या वातावरणात शोधावा लागतो. तथापि त्याची ओळख केवळ मादक द्रव्यांपुरती मर्यादित करणे हे इतिहासदृष्ट्या अपुरे ठरेल. व्हिएतनाम युद्ध, सक्तीची सैन्यभरती, नागरी हक्कांचा लढा आणि उपभोगवादी मध्यमवर्गीय जीवनाविषयी तरुण पिढीला वाटणारा उबग यांतून एक प्रतिसंस्कृती आकारास आली. संगीताच्या अंगाने पाहता तीन मिनिटांच्या गीताची चौकट मोडणे, पूर्वनियोजित रचनेपेक्षा उत्स्फूर्त विस्ताराला महत्त्व देणे आणि ध्वनीच्या पोताशी प्रयोग करणे ही या प्रकाराची लक्षणे सांगता येतात. १४ जानेवारी १९६७ रोजी सॅन फ्रान्सिस्कोच्या गोल्डन गेट पार्कमध्ये भरलेल्या 'ह्यूमन बी-इन' या मेळाव्यात 'ग्रेटफुल डेड'ने वादन केले. त्याच वर्षीच्या उन्हाळ्यात शहरातील हाइट-अ‍ॅशबरी ही वस्ती या चळवळीचे केंद्र म्हणून जगभर गाजली.

२. ध्वनिमुद्रणाची परंपरा

या बँडच्या संगीताचे मर्म उत्स्फूर्ततेत होते. त्यामुळे स्टुडिओच्या बंदिस्त वातावरणात ते पूर्णतः पकडले जात नाही, ही अडचण आरंभापासून जाणवत होती. १९६९ मध्ये प्रकाशित झालेल्या 'ऑक्सोमॉक्सोआ' या स्टुडिओ ध्वनिमुद्रिकेवर अतोनात खर्च झाला आणि बँड वॉर्नर ब्रदर्स या कंपनीचा मोठा ऋणको बनला. यावर उपाय म्हणून १९६९ च्या आरंभी सॅन फ्रान्सिस्कोतील अ‍ॅव्हलॉन बॉलरूम व फिलमोर वेस्ट येथील मैफली सोळा मार्गिकांच्या यंत्रावर मुद्रित करण्यात आल्या. रॉक संगीताच्या प्रत्यक्ष मैफलीसाठी हे तंत्र तेव्हा अगदी नवे होते. त्यांतून नोव्हेंबर १९६९ मध्ये 'लाइव्ह/डेड' ही दुहेरी ध्वनिमुद्रिका सिद्ध झाली. तीवरील 'डार्क स्टार' ही रचना २३ मिनिटांहून अधिक काळ चालते. म्हणजे आर्थिक निकडीतून निघालेला मार्ग हाच बँडच्या कलेचा खरा दस्तऐवज ठरला. या ध्वनिमुद्रिकेच्या तांत्रिक कामात बॉब मॅथ्यूज यांच्यासमवेत बेटी कँटर या तरुणीचा सहभाग होता. पुढील कथेत त्यांचे स्थान महत्त्वाचे आहे.

ध्वनिमुद्रणाचा दुसरा प्रवाह बँडच्या अंतर्गत कामकाजाचा होता. ध्वनितज्ज्ञ ऑस्ली स्टॅन्ली यांनी मैफलीतील ध्वनिव्यवस्थेचा कस पाहण्यासाठी रोजच्या कार्यक्रमाची फीत करून ठेवण्याचा परिपाठ सुरू केला. व्यापाऱ्याने रोजकीर्द लिहावी तशी ही नोंद होती. ती प्रकाशनासाठी नव्हती. इतिहासाच्या अभ्यासकास अशी साधने अधिक विश्वासार्ह वाटतात, कारण ती भावी वाचकासमोर स्वतःची प्रतिमा उभी करण्यासाठी निर्माण झालेली नसतात.

तिसरा प्रवाह श्रोत्यांचा. प्रेक्षागृहात ध्वनिमुद्रणयंत्र आणून मैफल टिपून घेणारे रसिक १९७० च्या दशकाच्या प्रारंभापासून वाढू लागले. इतर बँड अशा मुद्रणास चोरी समजत. 'ग्रेटफुल डेड'ने त्याकडे कानाडोळा केला आणि ऑक्टोबर १९८४ मध्ये तर अशा रसिकांसाठी प्रेक्षागृहात स्वतंत्र विभागच राखून ठेवला. या व्यवहाराचा एक अलिखित दंडक होता : फितीची विक्री करायची नाही, केवळ देवाणघेवाण करायची. कोऱ्या कॅसेट आणि टपालखर्च पाठवला की अनोळखी माणूसही नक्कल करून देई. सुमारे ३० वर्षांच्या कारकिर्दीत बँडने अंदाजे २,३०० मैफली केल्या. त्यांपैकी बहुसंख्य मैफलींची कोणती ना कोणती नोंद आज उपलब्ध आहे, याचे श्रेय या तिन्ही प्रवाहांस जाते.

३. स्थळ आणि काळ

बार्टन हॉल ही वास्तू १९१४-१५ च्या सुमारास लष्करी कवायतीसाठी बांधली गेली. उंच छत, दगडी भिंती आणि विस्तीर्ण मोकळी जमीन असलेली ही जागा संगीतासाठी निर्माण झालेली नव्हती. एप्रिल १९६९ मध्ये कॉर्नेलच्या कृष्णवर्णीय विद्यार्थ्यांनी विलार्ड स्ट्रेट हॉल ही इमारत ताब्यात घेतली. त्यानंतरच्या तणावाच्या दिवसांत हजारो विद्यार्थी याच बार्टन हॉलमध्ये जमले आणि विद्यापीठाच्या भवितव्यावर त्यांनी चर्चा केली. कवायतीचे मैदान, विद्यार्थ्यांची सभा आणि रॉक संगीताची मैफल अशी या वास्तूची वाटचाल म्हणजे अमेरिकन विद्यापीठीय जीवनाच्या स्थित्यंतराचेच एक चित्र होय.

१९७७ पर्यंत काळ पालटला होता. व्हिएतनाम युद्ध एप्रिल १९७५ मध्ये संपले होते. जिमी कार्टर यांनी अध्यक्षपदाची सूत्रे हाती घेताच, २१ जानेवारी १९७७ रोजी, सैन्यभरती टाळणाऱ्यांना माफी जाहीर केली होती. ज्या संघर्षातून प्रतिसंस्कृती उभी राहिली, तो संघर्षच निवळला होता. अशा वेळी १९६० च्या दशकातील एखादा बँड स्मरणरंजनाचा विषय होऊन बसण्याचा धोका होता.

'ग्रेटफुल डेड'च्या बाबतीत तसे घडले नाही, याची काही कारणे दिसतात. १९७४ मध्ये बँडने 'वॉल ऑफ साउंड' ही सुमारे ७५ टन वजनाची प्रचंड ध्वनियंत्रणा वापरात आणली. तिचा खर्च आणि वाहतुकीचा बोजा न पेलल्याने त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये बँडने जाहीर मैफली थांबवल्या. जून १९७६ मध्ये पुनरागमन झाले ते सुटसुटीत यंत्रणेसह. १९७१ पासून बाजूला असलेले दुसरे तालवादक मिकी हार्ट परतले होते. १९७७ च्या आरंभी 'टेरापिन स्टेशन' या ध्वनिमुद्रिकेच्या निमित्ताने निर्माते कीथ ओल्सन यांनी वादकांकडून कसून तालीम करवून घेतली. त्या शिस्तीचा परिणाम २२ एप्रिल रोजी फिलाडेल्फियापासून सुरू झालेल्या वसंत ऋतूतील दौऱ्यावर स्पष्ट दिसतो. ८ मे हा रविवार अमेरिकेतील मातृदिन होता. मे महिना असूनही त्या रात्री इथाकामध्ये हिमवर्षाव झाला.

४. ध्वनिमुद्रणाचा आशय

मैफलीच्या पहिल्या भागात बहुतांशी छोट्या, बांधेसूद रचना आहेत. बँडच्या स्वतःच्या गीतांबरोबरच मार्टी रॉबिन्स यांचे 'एल पासो' व मर्ल हॅगार्ड यांचे 'मामा ट्राइड' ही कंट्री परंपरेतील गीते येतात. भागाच्या शेवटी 'डान्सिंग इन द स्ट्रीट' हे मार्था अँड द व्हँडेलाज यांनी १९६४ मध्ये लोकप्रिय केलेले गीत तत्कालीन डिस्को शैलीच्या ठेक्यावर सादर होते. दुसऱ्या भागात बडी हॉली यांचे 'नॉट फेड अवे' आहे. ब्लूज, कंट्री, कृष्णवर्णीयांचे शहरी नृत्यसंगीत आणि आरंभकाळातील रॉक अँड रोल असे अमेरिकन संगीताचे प्रमुख प्रवाह या एकाच सायंकाळी एकत्र आले. सायकेडेलिक म्हणून ओळखला जाणारा बँड परंपरेशी फारकत घेत नसून तिचा विस्तार करीत होता, हे या अनुक्रमावरून सिद्ध होते.

दुसऱ्या भागाचे स्वरूप निराळे आहे. 'स्कार्लेट बिगोनियाज' आणि 'फायर ऑन द माउंटन' या दोन रचना खंड न पडू देता सलग वाजवल्या जातात. ही जोडी बँडने १८ मार्च १९७७ रोजी प्रथम सादर केली होती. म्हणजे बार्टन हॉलमध्ये ती दोन महिन्यांचीही नव्हती. सुमारे २५ मिनिटांच्या या सलग वादनात एका रचनेतून दुसरीकडे जाण्याचा नेमका क्षण दाखवता येत नाही. तालाचा धागा बदलत जातो, फिल लेश यांचे बेस गिटार नवी चाल सूचित करते आणि श्रोत्याच्या लक्षात येईपर्यंत दुसरी रचना सुरू झालेली असते. तयार ठेक्याच्या आधारे सामूहिक उत्स्फूर्तता कशी आकार घेते याचा हा वस्तुपाठ होय.

मैफलीचा परमोत्कर्ष 'मॉर्निंग ड्यू' या रचनेत होतो. कॅनेडियन गायिका बॉनी डॉब्सन यांनी १९६० च्या दशकाच्या प्रारंभी रचलेले हे गीत अणुयुद्धानंतरच्या निर्मनुष्य सकाळीविषयी आहे. 'ग्रेटफुल डेड'ने ते १९६७ च्या आपल्या पहिल्याच ध्वनिमुद्रिकेत घेतले होते. दहा वर्षांनंतर बार्टन हॉलमध्ये गार्सिया ते अत्यंत संथ लयीत, जवळजवळ कुजबुजल्याप्रमाणे आरंभतात आणि शेवटी गिटारचे वादन टप्प्याटप्प्याने टिपेला नेतात. मूळ गीत शीतयुद्धाच्या भयातून जन्मले. येथे ते कोणत्याही घोषणेविना शोकगीत बनते. लष्करी कवायतीसाठी उभारलेल्या दालनात ते गायले गेले, ही गोष्ट इतिहासाच्या वाचकाने नजरेआड करू नये.

ध्वनिमुद्रणात संगीताव्यतिरिक्तही काही टिपले गेले आहे. दोन रचनांच्या मधल्या वेळेत पुढील रांगांमधील गर्दी रेटली जाऊ लागल्याने वादक श्रोत्यांना एकेक पाऊल मागे सरकण्याची विनंती करतात, आणि तीही थट्टेच्या सुरात, खेळ खेळावा तशी. पोलिसी दरडावणी नाही, श्रोत्यांचा विरोध नाही. मंच आणि प्रेक्षागृह यांच्यातील या आपलेपणाची नोंद कोणत्याही लिखित वृत्तांतापेक्षा फितीवर अधिक स्पष्ट उमटली आहे.

५. भारतीय तालसंगीताचा धागा

या मैफलीचा एक धागा थेट मुंबईपर्यंत पोहोचतो. मिकी हार्ट यांची १९६७ मध्ये तबलावादक उस्ताद अल्लारखाँ यांच्याशी भेट झाली. मुंबई आकाशवाणी आणि हिंदी चित्रपटसंगीत या दोन्ही क्षेत्रांत कामगिरी केलेल्या अल्लारखाँ यांच्याकडून हार्ट यांनी तालाच्या गणिताची दृष्टी घेतली. विषम मात्रांच्या आवर्तनांकडे बँडचा ओढा वाढला. 'लाइव्ह/डेड'वरील 'द इलेव्हन' या रचनेचे नावच तिच्या अकरा मात्रांवरून पडले आहे. बार्टन हॉलमध्ये सादर झालेली 'एस्टिमेटेड प्रॉफेट' ही बॉब वेअर यांची रचना सात मात्रांच्या आवर्तनावर चालते. तिला रूपक तालाचे रूप मानणे योग्य होणार नाही. परंतु अशा आवर्तनात सहजपणे वावरण्याची दोन्ही तालवादकांची तयारी या पार्श्वभूमीवर समजून घेता येते.

त्याहून ठोस संबंध 'फायर ऑन द माउंटन'चा आहे. अल्लारखाँ यांचे पुत्र, मुंबईत माहीम येथे १९५१ मध्ये जन्मलेले झाकीर हुसेन १९७० मध्ये अमेरिकेत गेले आणि अली अकबर खाँ यांनी कॅलिफोर्नियात स्थापन केलेल्या संगीत महाविद्यालयात शिकवू लागले. तेथील विद्यार्थ्यांच्या तालवाद्यवृंदातून 'दिगा रिदम बँड' उदयास आला. हार्ट व झाकीर हुसेन यांचा सहभाग असलेली 'दिगा' ही ध्वनिमुद्रिका १९७६ मध्ये प्रकाशित झाली. तीमधील 'हॅपिनेस इज ड्रमिंग' या वाद्यरचनेत 'फायर ऑन द माउंटन'चे पूर्वरूप आढळते. पुढे रॉबर्ट हंटर यांचे शब्द लाभून त्या रचनेचे गीत झाले. बार्टन हॉलच्या फितीवरील सर्वांत नावाजलेल्या वादनाचे बीज अशा रीतीने भारतीय तालशिक्षणाच्या सान्निध्यात रुजले होते. १९९१ मध्ये हार्ट, झाकीर हुसेन, विक्कू विनायकराम आदींनी 'प्लॅनेट ड्रम' ही ध्वनिमुद्रिका केली आणि जागतिक संगीत विभागातील पहिला ग्रॅमी पुरस्कार तिला मिळाला. १५ डिसेंबर २०२४ रोजी सॅन फ्रान्सिस्को येथे झाकीर हुसेन यांचे निधन झाले.

६. मूळ फितींचा प्रवास

८ मे १९७७ ची मैफल बेटी कँटर-जॅक्सन यांनी रिळांच्या यंत्रावर मुद्रित केली. प्रेक्षागृहातील गोंगाटातून नव्हे, तर ध्वनिव्यवस्थेतून थेट आलेले संदेश वापरून, प्रत्येक वाद्याचा तोल कानाने साधत त्यांनी ती दोन मार्गिकांवर उतरवली. अशा मुद्रणात नंतर दुरुस्तीला वाव नसतो. वादन चालू असतानाच प्रत्येक निर्णय घ्यावा लागतो आणि तो कायमचा असतो. वादकांप्रमाणेच मुद्रण करणारी व्यक्तीही त्या सायंकाळी उत्स्फूर्त निर्मिती करीत होती, असे म्हणणे अतिशयोक्तीचे होणार नाही. रॉक संगीताच्या तांत्रिक क्षेत्रात स्त्रिया अत्यंत अल्प असण्याच्या काळात हे कार्य घडले, हेही नमूद केले पाहिजे.

१९८० च्या दशकाच्या प्रारंभी कँटर-जॅक्सन यांचा बँडशी असलेला व्यावसायिक संबंध संपुष्टात आला. त्यांनी केलेल्या शेकडो रिळांचा संग्रह भाड्याच्या साठवण-खोलीत पडून होता. आर्थिक विपन्नतेमुळे भाडे थकले आणि १९८६ मध्ये त्या सामानाचा लिलाव झाला. रिळे वेगवेगळ्या खरेदीदारांच्या हाती विखुरली गेली. ज्यांनी ती निर्माण केली त्यांच्याकडे ती राहिली नाहीत आणि ज्यांचे संगीत त्यांत होते त्यांच्याकडेही ती गेली नाहीत. जुन्या वाड्यातील दप्तरे रद्दीच्या भावात जावीत, तसाच हा प्रसंग होता.

तथापि विखुरण्यातूनच प्रसार झाला. काही खरेदीदारांनी रिळांच्या नकला करून रसिकांच्या देवाणघेवाणीत सोडल्या. 'बेटी बोर्ड्स' या नावाने त्या ओळखल्या जाऊ लागल्या. तोवर श्रोत्यांनी टिपलेल्या, काहीशा अस्पष्ट फितींवर समाधान मानणाऱ्या रसिकांना प्रथमच वाद्यांचा इतका स्वच्छ आणि समतोल ध्वनी ऐकावयास मिळाला. बार्टन हॉलची मैफल या संग्रहातील सर्वाधिक नकला झालेल्या मैफलींपैकी एक ठरली. अनेकांच्या बाबतीत नव्या सभासदाला दिली जाणारी पहिली कॅसेट तीच असे. संग्रहातील दुसऱ्या काही रिळांना मात्र प्रतिकूल जागेत राहिल्याने हानी पोहोचली आणि त्यांचे पुनरुज्जीवन करण्यासाठी जाणकारांना दीर्घ परिश्रम घ्यावे लागले.

अखेर लिलावानंतर सुमारे ३० वर्षांनी मूळ रिळे बँडच्या संग्रहात परत आली. फितीच्या वेगातील सूक्ष्म चढउतार दुरुस्त करण्याच्या आधुनिक प्रक्रियेनंतर ५ मे २०१७ रोजी, मैफलीच्या चाळिसाव्या वर्धापनदिनाच्या तीन दिवस आधी, तिची पहिली अधिकृत ध्वनिमुद्रिका प्रकाशित झाली. राष्ट्रीय नोंदवहीत समावेश आधी आणि प्रकाशन नंतर, असा हा उलटा क्रम आहे.

७. साधनचिकित्सा

या ध्वनिमुद्रणाभोवती दंतकथांचे दाट जाळे निर्माण झाले आहे. ही बँडची सर्वश्रेष्ठ मैफल होय, अशी एक धारणा आहे. दुसरीकडे, ही मैफल प्रत्यक्षात झालीच नाही, ती शासकीय यंत्रणेने लोकांच्या मनात रुजवलेली खोटी आठवण आहे, अशी विनोदाने प्रसृत झालेली आख्यायिकाही आहे. साधनचिकित्सेच्या दृष्टीने दोन्हींची परीक्षा आवश्यक ठरते.

आख्यायिकेचा निरास सोपा आहे. एकाच घटनेची परस्परांपासून स्वतंत्र अशी अनेक साधने जुळत असतील, तर घटना घडली असे मानावे लागते. बार्टन हॉलच्या बाबतीत कँटर-जॅक्सन यांच्या मुद्रणाशिवाय श्रोत्यांनी प्रेक्षागृहातील वेगवेगळ्या जागांवरून केलेली मुद्रणेही उपलब्ध आहेत. त्यांतील रचनांचा क्रम, वादनातील बारकावे आणि मंचावरील संभाषण एकमेकांशी जुळते. बाह्य परीक्षण आणि अंतर्गत परीक्षण या दोन्ही कसोट्यांवर हे साधन अस्सल ठरते.

'सर्वश्रेष्ठ मैफल' या धारणेचा प्रश्न अधिक गुंतागुंतीचा आहे. याच दौऱ्यातील ५ मे ची न्यू हेवन, ७ मे ची बोस्टन आणि ९ मे ची बफेलो येथील मैफल जाणकारांच्या मते तितक्याच तोलामोलाच्या आहेत. मग कीर्ती एकाच सायंकाळीच्या वाट्याला का आली? याचे उत्तर केवळ वादनाच्या गुणवत्तेत सापडत नाही. उत्तम मुद्रण, त्याचे अपघाताने झालेले सार्वजनिकीकरण, नकलांचे सुलभ वितरण आणि १९८७ पासून प्रसिद्ध होऊ लागलेल्या 'डेडबेस'सारख्या सूचिग्रंथांमुळे तुलना करण्याची रसिकांना लागलेली सवय, या सर्वांचा तो संयुक्त परिणाम होय.

यातून इतिहासलेखनाचे एक सामान्य सत्य अधोरेखित होते. जे टिकले ते श्रेष्ठ मानले जाते. जे श्रेष्ठ होते ते टिकलेच असेल असे नाही. ज्या घराण्याची दप्तरे शाबूत राहिली, त्याचा इतिहास विस्ताराने लिहिला जातो आणि ज्याची दप्तरे वाळवीने खाल्ली त्याचा पराक्रम दोन ओळींत आटोपतो. ध्वनिसाधनांच्या बाबतीतही हाच न्याय लागू होतो. बार्टन हॉलची फीत ऐकताना अभ्यासकाने तिच्यामागे उभ्या असलेल्या, न टिपल्या गेलेल्या किंवा नष्ट झालेल्या सायंकाळींचेही स्मरण ठेवले पाहिजे.

या साधनाची दुसरी मर्यादा म्हणजे त्याची स्वच्छता. ध्वनिव्यवस्थेतून थेट केलेल्या मुद्रणात वाद्ये ठळक ऐकू येतात, परंतु दालनाचा घुमारा आणि श्रोत्यांचा प्रतिसाद क्षीण होतो. त्या रात्री प्रेक्षागृहात उभ्या असलेल्या विद्यार्थ्याने जे ऐकले ते या फितीवर नाही. त्यासाठी श्रोत्यांनी केलेल्या, तांत्रिकदृष्ट्या दुय्यम मानल्या गेलेल्या मुद्रणांकडेच वळावे लागते. म्हणून ही साधने परस्परांना पर्याय नसून पूरक आहेत.

८. मालकीचा प्रश्न

मैफलीचे ध्वनिमुद्रण कोणाचे, हा प्रश्न या इतिहासातून वारंवार डोके वर काढतो. वादकांचे, मुद्रण करणाऱ्या तंत्रज्ञाचे, पैसे मोजून लिलावात रिळे घेणाऱ्याचे, की नकलांद्वारे ते जिवंत ठेवणाऱ्या समुदायाचे? कायद्याच्या दृष्टीने वस्तूची मालकी आणि तीवर मुद्रित झालेल्या संगीताचा हक्क या भिन्न गोष्टी आहेत. लिलावातील खरेदीदाराला रीळ मिळाले, संगीत प्रकाशित करण्याचा अधिकार मिळाला नाही. बँडकडे हक्क होता, रीळ नव्हते. ही कोंडी सुमारे तीन दशके टिकली.

नोव्हेंबर २००५ मध्ये हाच प्रश्न वेगळ्या स्वरूपात पुढे आला. इंटरनेट अर्काइव्ह या संग्रहात 'ग्रेटफुल डेड'च्या हजारो मैफली विनामूल्य उपलब्ध होत्या. बँडच्या वतीने त्या उतरवून घेण्यावर निर्बंध आणताच रसिकांत तीव्र असंतोष उमटला. अल्पावधीतच तडजोड झाली : श्रोत्यांनी केलेली मुद्रणे पूर्ववत उतरवून घेण्यास खुली राहिली, तर ध्वनिव्यवस्थेतून केलेली मुद्रणे केवळ ऐकण्यासाठी ठेवण्यात आली. देवाणघेवाणीच्या जुन्या दंडकाचे नव्या तंत्रयुगात झालेले हे रूपांतर होय. २००८ मध्ये बँडने आपला कागदोपत्री संग्रह कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या सांताक्रूझ शाखेस सुपूर्द केला. त्यामुळे या विषयास विद्यापीठीय संशोधनाचे अधिष्ठान लाभले.

निष्कर्ष :

१) बार्टन हॉलचे ध्वनिमुद्रण हे १९७० च्या दशकातील अमेरिकन प्रतिसंस्कृतीच्या उत्तरपर्वाचे अस्सल साधन आहे. चळवळीचा राजकीय आवेश ओसरल्यानंतरही तिचे सामूहिक आचरण संगीताद्वारे टिकून राहिल्याचा पुरावा त्यातून मिळतो.

२) सायकेडेलिक रॉक हा परंपराविच्छेदक प्रकार होता हा समज या मैफलीतील रचनांच्या निवडीवरून खोडून निघतो. त्याचबरोबर भारतीय तालपरंपरेशी असलेला त्याचा संबंध वरवरच्या अनुकरणाचा नसून प्रत्यक्ष गुरुमुखी शिक्षणाचा व सहवादनाचा होता, हे स्पष्ट होते.

३) या साधनाचे जतन मुख्यत्वे संस्थांबाहेर झाले. बँडचे संग्रहालय, ध्वनिमुद्रण कंपनी आणि शासन यांनी त्याची दखल घेण्यापूर्वी सामान्य रसिकांनी त्याच्या नकला करून ते सांभाळले.

४) मैफलीच्या कीर्तीत वादकांइतकाच मुद्रण करणाऱ्या व्यक्तीचा वाटा आहे. बेटी कँटर-जॅक्सन यांच्या हातून त्यांचे आयुष्यभराचे काम निसटले, परंतु त्या कामाला त्यांचेच नाव चिकटून राहिले. साधने निर्माण करणाऱ्यांचा इतिहास हाही इतिहासाचाच भाग मानला गेला पाहिजे.

५) ध्वनिफीत हे कागदापेक्षाही नाशवंत माध्यम आहे. तीवरील चुंबकीय लेप दमट हवेत सुटतो, ती वाजवणारी यंत्रे दुर्मीळ होत जातात आणि एका थकलेल्या भाड्यापायी संपूर्ण संग्रह उधळला जाऊ शकतो. बार्टन हॉलची फीत वाचली ती नियोजनाने नव्हे, तर योगायोगाने आणि काही अनोळखी माणसांच्या आस्थेने. ज्या समाजाला आपला श्राव्य वारसा पुढील पिढ्यांच्या हाती द्यावयाचा आहे, त्याने तो अशा योगायोगावर सोपवून चालणार नाही.